शेपटीखालची नाडी

ही गोष्ट मी घरातही कधी सांगितली नाही. नोकरीतल्या आठवणी निघाल्या की अडलेल्या म्हशी, पोट फुगलेल्या गाई, सगळं सांगायचो. पेडगावच्या बैलापाशी आलो की विषय बदलायचो. पन्नास वर्षं होत आली. आता लिहून टाकतो.

सत्तरच्या दशकात मी नवा पशुवैद्य होतो, परभणी भागातल्या एका दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली. पेडगावचा एक शेतकरी बायकोला घेऊन बैलासोबत चालत आला. बैलाला शिंगाचा कॅन्सर झाला होता. शिंग मुळापासून काढायचं म्हणजे पूर्ण भूल देणं आलं. आदल्या दिवसापासून चारा बंद ठेवा, असं त्यांना बजावलं होतं.

भुलीत जनावराचा रक्तदाब उतरतो. तो मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. शेपटीच्या मुळाशी, खालच्या बाजूला नाडी लागते. तिच्यावर बोट ठेवून बसायचं. ठोका बारीक झाला की ओरडून सांगायचं, भुलीचं औषध थांबवायचं आणि सलाईन पूर्ण सोडायचं. माझं काम एवढंच.

डॉक्टर शिंगाशी, मी शेपटीशी. मलमपट्टी करणारा आमचा ड्रेसर म्हणाला, "साहेब, शेपूट सोडू नगा, न्हाईतर बैल उठून पेडगावला जाईल!"

दोर धरलेला शेतकरीही हसला. मला ते लागलं. एवढं शिकून शेपूट धरायला बसलो, हेच डोक्यात घोळत राहिलं.

शिंग कापताना रक्त बरंच गेलं. नाडी हाताला लागेना, म्हणून मी बोट दाबलं. मग ठोका लागला. चांगला ठसठशीत.

"नाडी?" डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

"भरलेली आहे, सर."

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, बैलाचा ओठ उचलला. हिरड्या पांढऱ्याफटक झाल्या होत्या. ते धावत आले, माझं बोट बाजूला करून आपलं अलगद ठेवलं. काहीच नव्हतं. सलाईन सोडलं, छाती दाबली. बैलाच्या तोंडातून हिरवट पाणी आलं आणि सगळं थांबलं.

"इतकं दाबलं की त्याची नाडी बंदच होते," ते माझ्या कानाशी म्हणाले. "तू तुझ्याच बोटातले ठोके मोजत होतास."

मग ते हात धुवायला आत गेले.

बाई दारातून आत आली. नवरा दोर धरून तसाच उभा. दोघंही माझ्याकडे बघत होते. ते हिरवं पाणी फरशीवरून वाहत होतं आणि माझ्या तोंडून निघालं, "ह्याला काही खायला घातलं होतं का?"

ती घाबरली. "येकच भाकर, साहेब. निघताना. मुक्या जीवाला रिकाम्या पोटी कसं धाडावं ओ?"

"मग त्या भाकरीनंच घात केला."

"नगं म्हणलं हुतं ना तुला?" नवरा तिच्यावर ओरडला. आतल्या नळाचं पाणी बराच वेळ चालू होतं.

बैल दिवसभर उपाशी ठेवला तरी त्याच्या पोटात ओला चारा असतोच. एका भाकरीनं काही बिघडत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

काही वर्षांनी लस टोचायला पेडगावला गेलो. बाईनं मला ओळखलं, ओसरीवर बसवून चहा दिला आणि नव्या सुनेला सांगू लागली, "हेच ते साहेब. माझ्या भाकरीनं बैल मेला, पर येक शब्द वाकडा बोलले न्हाईत. तवापासून मी जनावराला हातानं घास देत न्हाई, बाई. तूच देत जा."

गोठ्यातली कालवड तिच्याकडे मान लांबवत होती. तिनं हात पदराआड घेतला.

मी कप खाली ठेवला. बोलायला तोंड उघडलं आणि विचारलं, "कालवडीला लस झाली का?"

पुढे कितीदा तरी पेडगावची एसटी धरायची ठरवली. ती बाई वारल्याचं मला पिंगळीला एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत कळलं. त्या दिवशी ओसरीवर म्हणायचं होतं ते हे:

बाई, भाकरीनं काही झालं नव्हतं. बोट माझं चुकलं, आणि खोटंही मीच बोललो. मला माफ करा.