सहा फूट नऊ इंचांची गाडी

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेदहाला, आमच्या श्रीवर्धनच्या घराच्या पडवीत वडिलांची अमेरिकन गाडी सात लाख पंचवीस हजार रुपयांना विकायचं ठरलं. हजर माणसं सहा: पुण्याहून आलेले गिऱ्हाईक, त्यांचा मेकॅनिक, माझी आई, माझी बायको, शेजारची काकू आणि मी. काकू म्हणजे वडिलांच्या चुलतभावाची बायको, वय त्र्याहत्तर; तिची आणि आमची पोफळींची वाडी लागून आहे. पंचवीस हजार इसार तिथेच मिळाला. अट एकच होती. महिनाभरात गाडी अखंड, कुठेही न कापता, डांबरी रस्त्यावर उभी करून द्यायची. आईच्या वतीने मी कागदावर सही केली.

सही झाल्यावर काकूने चहा संपवून कप खाली ठेवला.

"विकलीस ते बरं केलंस. आता बाहेर कशी काढणार?"

"आली तशीच जाईल," मी म्हटलं.

"आली तेव्हा माझा गडगा नऊ इंच आत होता. आता तो जिथल्या तिथे आहे. जा, टेप आण."

मी टेप आणला. पाहुणे चिवडा खात बसले होते, आणि काकू तिच्या गडग्याच्या कडेने रस्त्यावर जाणाऱ्या आमच्या बोळाच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बोळ सर्वांत अरुंद जागी सहा फूट आठ इंच भरला. गाडीची रुंदी सहा फूट नऊ इंच. मी न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे एकतीस वर्षं नोकरी करतो. कुठलं मशीन कंटेनरच्या दारातून जाईल आणि कुठलं नाही, हे सांगण्याचाच मला पगार मिळतो. बायकोने टेपवरचा आकडा वाकून वाचला आणि म्हणाली, "एवढं ऑफिसात केलं असतंत तर साहेबांनी घरी पाठवलं असतं."

हीच चूक वडिलांनी अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी केली होती, म्हणून ती आधी सांगतो.

आजोबांची मुंबईत सुपारीची पेढी होती. त्यांनी पन्नास सालानंतर लगेचच एक मोठी अमेरिकन गाडी घेतली. गोलसर, जड, काळी. तिची रुंदी सहा फूट चार इंच. बोळातून दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच सोडून ती आत यायची. आजोबा गेल्यावर वडिलांनी ती विकली आणि त्याच कंपनीची, त्याच नावाची, पण सहा-सात वर्षं नंतरच्या घडणीची गाडी घेतली. परदेशी वकिलातीतला एक अधिकारी मायदेशी जाताना ती सोडून गेला होता. नाव तेच, म्हणजे माप तेच असणार, असं वडिलांनी धरलं. त्यांनी मोजलं नाही.

पण तेवढ्या वर्षांत अमेरिकेत त्या गाडीची पिढी बदलली होती. लांबी पावणेअठरा फुटांवरून पावणेएकोणीसच्या आसपास गेली होती, रुंदी पाच इंचांनी वाढली होती, उंची उलट कमी झाली होती. मागे माशाच्या परांसारखे दोन उंच पंख आले होते. गिअरचा दांडा जाऊन त्याजागी बटणं आली होती, जुन्या रेडिओला असतात तशी. ती गाडी पहिल्यांदा आली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. ती बोळाच्या तोंडाशी येऊन थांबली. वडील उतरले, पुढे जाऊन गडग्याकडे बघत राहिले, मग मागे जाऊन पंखांकडे बघत राहिले. गाडी एकोणीस दिवस देवळापुढे झावळ्यांखाली उभी होती.

बोळाच्या एका बाजूला देवळाच्या विहिरीची भिंत, तिला हात लावता येत नव्हता. दुसऱ्या बाजूला काकांचा, म्हणजे काकूच्या नवऱ्याचा, जांभ्या दगडाचा गडगा. काकांनी चाळीस फूट लांबीचा गडगा नऊ इंच आत घेऊ दिला. पैसे घेतले नाहीत. त्यांच्या तीन मुली होत्या. तिघींची पाठवणी याच गाडीतून व्हायची, असं ठरलं, आणि तशी झालीही. त्या व्यवहारात कोणाकडे कोणाचं काही राहिलं नाही. वीस वर्षांपूर्वी गाडी कायमची बंद पडली. मग काकूने गडगा पूर्वीच्या जागी आणला आणि त्याच्या पोटाशी पोफळी लावल्या. तो तिचा हक्क होता.

गाडी चालू होती तेव्हा तिचं स्टिअरिंग डाव्या बाजूला असल्यामुळे वडिलांना समोरच्या एसटीपलीकडचं काही दिसायचं नाही. उजवीकडे आई बसायची. ती मान बाहेर काढून "मोकळं" म्हणाली की वडील पुढे काढायचे, "नको" म्हणाली की मागे राहायचे. आईला स्वतःला गाडी येत नव्हती. माणगावपर्यंतच्या सगळ्या वळणांवर तिने गाडी अर्धी चालवली, असं मात्र वडील सर्वांना सांगत. पेट्रोल लिटरला चार किलोमीटर, त्यामुळे लग्नाशिवाय ती फारशी निघत नसे.

पुढे पोर्टवर काम करताना मी या गाडीच्या पुढच्या पिढ्यांची माहिती जमा करत गेलो. परत जाणाऱ्या परदेशी लोकांचं सामान, त्यांची मासिकं, कधी जुन्या गाडीचे सुटे भाग आमच्याकडून जात. मला कळलं ते असं. आमच्या गाडीनंतर थोड्याच वर्षांत पंख गेले, कडा सरळ झाल्या. तरी लांबी वाढतच राहिली. सत्तर सालानंतर ती एकोणीस फुटांच्या वर गेली. वीस फुटी कंटेनरची आतली लांबी एकोणीस फूट चार इंच असते, म्हणजे ती गाडी आत गेली तरी मागे हात घालायला जागा उरली नसती. मग पेट्रोल महाग झालं आणि एवढी गाडी घेणारे कमी झाले. कंपनीने ते नाव बंद केलं. काही वर्षांनी तेच नाव लहान, दोन दारांच्या गाडीला दिलं, ते चाललं नाही. पुन्हा काही वर्षांनी आणखी अरुंद गाडीला दिलं. तिचं इंजिन पुढची चाकं फिरवायचं. तेही थोडी वर्षं चाललं आणि नाव संपलं. आता तिकडे पैसेवाले लोक उंच, जीपसारख्या गाड्या घेतात. त्या शेवटच्या अरुंद गाडीचा आकडा मी पाहिला तेव्हा पहिला विचार हाच आला, की ही आमच्या बोळातून आली असती.

तर त्या रविवारी कमी पडत होता एक इंच. पण एका इंचाने काम होत नाही. पावणेएकोणीस फुटांची गाडी सरळ रेषेत ढकलत न्यायची तर निदान चार इंच मोकळे हवेत. आणि चार इंचांसाठी गडगा उतरवायलाच हवा. पोफळींची मुळं दगडांत शिरली होती. गडगा उतरवला की झाडं पहिल्याच जोराच्या वाऱ्यात आडवी झाली असती. झाडं अकरा.

क्रेनचाही विचार झाला. बोळात क्रेन शिरत नव्हती आणि वरून विजेच्या तारा होत्या.

दोन दिवसांनी गिऱ्हाइकांचा फोन आला. "झाडाला पाच हजार देतो. पंचावन्न हजार. विचारा तुमच्या काकूंना."

मी विचारलं. ती सुपारी सोलत बसली होती. हात थांबला नाही.

"पंचावन्न हजार. चांगली रक्कम आहे. वादळाआधी माझ्या वाडीत पोफळी किती होत्या, ठाऊक आहे तुला?"

"तीनशे चाळीस."

"उभ्या किती राहिल्या?"

"एकोणीस."

"त्यातल्या अकरा या गडग्याच्या. नव्या लावल्यात त्या धरायला अजून दोन-तीन वर्षं. तोवर मी काय करू? लेकीकडे जाऊन तिच्या सुनेच्या हाताकडे बघत बसू? पैसे काय, गॅस भरेपर्यंत टिकतात. झाड दरवर्षी देतं." मग एकदम म्हणाली, "तुझ्या बापाने आणताना मोजली नाही, तू विकताना मोजली नाहीस. तुमच्या घरात टेप काय दसऱ्याला पुजायला ठेवलाय?"

काकूला मी पुन्हा विचारणार नाही, असं आईला सांगितलं. आई म्हणाली, "विचारलंस हेच चुकलं." गाडी न दिली तर इसार दुप्पट परत करायचा, असं कागदात होतं, म्हणजे पन्नास हजार. तेवढे द्यायची मी मनाची तयारी केली.

पुढच्या शनिवारी मी आमच्या वाडीत रोपांना पाणी लावत होतो. वादळात आमचीही वाडी गेली होती. नवी लागवड मी स्वतः दोरी धरून केली होती, दोन ओळींमध्ये नऊ फूट. त्या ओळींकडे बघता बघता लक्षात आलं, की नऊ फुटांतून सहा फूट नऊ इंच गेले तर दोन फूट तीन इंच उरतात. दर बाजूला साडेतेरा इंच. वाडीच्या मागे काटेरी कुंपण, मग सुरूची झाडं, मग वाळू आणि समुद्र. ओहोटीला वाळू टणक असते. किनाऱ्याने सातशे पावलं गेलं की कोळी लोकांचा होड्या चढवायचा उतार आहे आणि तो उतार डांबरी रस्त्याला मिळतो. वादळाआधी ही वाट नव्हतीच; जुन्या पोफळी जवळजवळ होत्या आणि मध्ये केळी, जायफळ, सगळं दाटलेलं होतं.

किनाऱ्यावर गाडी न्यायला परवानगी लागते, म्हणून नगरपरिषदेत अर्ज दिला. कारकुनाने तो दोनदा वाचला. "गाडी समुद्रात नेणार?"

"समुद्राकडून नेणार."

"मग तसं लिहा," तो म्हणाला. मी तसं लिहिलं. परवानगी चार दिवसांत मिळाली.

मग होडीच्या तांडेलाकडे गेलो. पावसाळ्याआधी होड्या वर ओढून घेणारी त्याची चौदा माणसांची टोळी आहे. मी कागदावर गाडीची लांबी, रुंदी, वजन, वाळूची लांबी, सगळं लिहून नेलं होतं.

"वजन किती?" त्याने विचारलं.

"दोन हजार दोनशे किलो."

"इंजन चालतंय?"

"नाही."

"चाकं फिरतात?"

"मेकॅनिकने मोकळी केलीत. फिरतात."

"मंग येवढा कागद कशाला आनलास, भाऊ? आमची होडी हिच्या दुप्पट हाय, आन् तिला चाकं न्हायत." बारा हजारांत ठरलं. फोडायचा नारळ त्यांचा.

मार्चच्या पहिल्या बुधवारी ओहोटी साधून काम केलं. मी रजा घेतली होती. वाडीतून आडवे चार पाट जातात. त्यातला शेवटचा पुढे काकूच्या वाडीत पाणी नेतो. चारही पाट वाळूच्या पोत्यांनी बुजवले, वर फळ्या टाकल्या. साडेआठला दोर बांधला. तांडेल पुढे उलटा चालत हाळी देत होता आणि त्या हाळीवर चौदा जण एकदम ओढत होते. मेकॅनिक आत स्टिअरिंग धरून होता. मागच्या फळ्या उचलून पुढे टाकायचं काम माझं आणि बायकोचं. काकू काठी घेऊन गाडीच्या बरोबरीने चालत होती. "डावीकडे बघ रे! ते झाड माझं नाही, याचंच आहे, पण झाड आहे!" तांडेल तिला म्हणाला, "काकू, तुमीच या पुढं, आमी घरी जातो." "जाशील कुठे, पैसे घेतल्याशिवाय?" ती म्हणाली.

सुरूच्या बनात एकदा मागचं चाक रुतलं. टायरमधली थोडी हवा सोडल्यावर निघालं. टणक वाळूवर आल्यावर मात्र ती गाडी इतकी सहज चालायला लागली की चौघांना मागे जाऊन तिला धरून ठेवावं लागलं. पाऊण वाजता ती उतारावरून डांबरी रस्त्यावर आली. एका चाकावरची हबकॅपची थाळी वाळूत पडली होती, ती सापडली. एकही रोप मोडलं नाही. गिऱ्हाइकांनी सगळीकडून फिरून पाहिलं, पंखांवरून हात फिरवला आणि बाकीचे सात लाख तिथेच उभ्या उभ्या आईच्या खात्यात भरले, कारण वडिलांच्या मागे गाडीचे कागद आईच्या नावावर झाले होते. आई घरीच होती. तिला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं. जेवायला या."

तांडेलाला बारा हजार दिले आणि संध्याकाळच्या गाडीने मी, नोकरीसाठी राहतो त्या पनवेलला परतलो.

रविवारी सकाळी काकूचा फोन आला. "पाट तू बुजवलास. उघडणार कोण, तुझी अमेरिकन गाडी?"

तीन पाट बायकोने त्याच दिवशी मोकळे केले होते. चौथ्यावरची पोती तशीच राहिली होती. गुरुवारची आणि शनिवारची काकूच्या पाण्याची पाळी कोरडी गेली होती. पंप चालत होता आणि पाणी आमच्याच वाडीत परत फिरत होतं. मी दुपारपर्यंत पोहोचलो, पोती काढली. टोकाला गेल्या पावसाळ्यात लावलेली तिची तीन रोपं पार माना टाकून होती. रोपवाटिकेत रोपाला साठ रुपये पडतात. मी एकशे ऐंशी रुपये दिले. तिने मोजून घेतले.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा ती साठ रुपये घेऊन पडवीत आली. एका रोपाने नवा कोंब काढला होता. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "जगलेल्या झाडाचे कसले पैसे?" आणि नोटा आईच्या हातात देऊन गेली. म्हणजे काकूला शेवटी पोचले ते दोन रोपांचे, एकशे वीस रुपये.