अन् वाडीचं काय?

मंडळी, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता... आजही धड बसलेला नाही. प्रोग्राम आपोआप चुकत नाही, कुणीतरी तो चुकवलेला असतो, यावर माझं पोट चालतं. अशा माणसाला भुतंखेतं परवडत नाहीत. शिवाय या अनुभवात ना अमावस्या आहे, ना पिंपळ. भर दुपार, लातूर, औसा रोडवर एका हार्डवेअरच्या दुकानावरचं आमचं ऑफिस आणि बंद पडलेला कूलर. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा.

ऑफिसात आम्ही तिघंच. मालक शिवाप्पा, ज्यांना आम्ही अप्पा म्हणतो. मूळ उदगीरचे, आडत दुकानाच्या घरातले. इर्शाद आणि मी कोड लिहिणारे. तेव्हा आम्ही एका ठेकेदारासाठी टँकरचं सॉफ्टवेअर चालवत होतो. कुठल्या गावाला टँकर कधी जाणार, पोचला का, पुढची पाळी कधी, सगळं त्यात. आमच्या यादीत गाव असेल तरच टँकर निघायचा. म्हणजे आम्ही इथं खुर्चीत बसून चुकलो, तर तिकडं कुणाच्या तरी घागरी रिकाम्या राहणार.

अप्पांची एक शिस्त होती. सॉफ्टवेअरची रचना ठरवताना घेतलेला प्रत्येक मोठा निर्णय तीन ओळींत लिहायचा — काय ठरलं, का ठरलं आणि पुन्हा कधी तपासायचं. दर सोमवारी ते जुने निर्णय मोठ्यानं वाचायचे आणि प्रत्येकाला विचारायचे, "आता बी पटतंय का?" पुण्याच्या कंपन्यांत याला भारदस्त इंग्रजी नावं आहेत. आम्ही उजळणी म्हणायचो.

त्या वर्षी उदगीर जिल्हा होणार अशी आवई उठली होती. तशी ती नेहमीच उठते, पण उदगीरच्या माणसाला दर वेळी खरी वाटते. नवा जिल्हा झाला की तालुके इकडचे तिकडे होणार, गावांचे कोड बदलणार, आपलं सॉफ्टवेअर कोलमडणार... म्हणून अप्पांनी ठरवलं, की जिल्हा-तालुका धरायचाच नाही. सरकारदरबारी प्रत्येक गावाला कायमचा नंबर असतो, तोच धरायचा. निर्णय शहाणपणाचा होता. फक्त वाड्या-तांड्यांना तसा वेगळा नंबर नसतो, त्या मूळ गावातच मोजल्या जातात. गावात टँकर रिकामा झाला की स्क्रीनवर गाव हिरवं व्हायचं आणि वाडीही त्यातच आली, असं धरलं जायचं. हे तेव्हा आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि 'पुन्हा कधी तपासायचं' या ओळीत अप्पांनी मोठ्या झोकात लिहिलं होतं — उदगीर जिल्हा झाल्यावर.

त्या सोमवारी अप्पा लिंगपूजा आटोपून उशिरा आले, त्यामुळे उजळणी दुपारवर गेली. लाइट नव्हती. खालचं दुकान जेवणासाठी बंद, रस्ता सामसूम. अप्पांनी हा निर्णय वाचला, "ह्याची वेळ आली न्हाई अजून," म्हणाले आणि पुढच्याकडे वळणार... तेवढ्यात आवाज आला. बाईचा. वयस्कर, थकलेला. ओरडून नाही, शेजारी उभं राहून विचारावं तसा.

"अन् वाडीचं काय?"

अप्पा मान वर न करता म्हणाले, "जिल्हा झाल्यावर बघू."

इर्शादनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "अप्पा, तुम्ही कुणाला सांगायलाव?"

अप्पांनी मान वर केली. "कुनी विचारलं आत्ता?"

आम्ही फोन बघितले, एकावरही कॉल चालू नव्हता. जिना बघितला, खाली जाऊन आलो. कुणी नाही. मला भीती वाटली नाही, नुसतं चमत्कारिक वाटत राहिलं. शेवटी इर्शादच म्हणाला, "कोन का असंना अप्पा, सवाल बरोबर हाय. खरंच, वाडीचं काय?"

मग लाइट आल्यावर आम्ही गावांनी दिलेल्या मूळ मागण्यांत वाड्यांची नावं शोधत बसलो. चाकूर तालुक्यातली एक वाडी — नाव लिहीत नाही — गावापासून लांब, माळावर. टँकर सुरू झाल्यापासून तिचं गाव आमच्याकडे हिरवंगार आणि वाडीला एक थेंब गेलेला नाही. संध्याकाळी त्या गावाच्या टँकरच्या ड्रायव्हरला फोन लागला. "वाडीचं नाव मोबाइलवर येतच न्हाई सायेब. मी कसा जाऊ?" अप्पांना फार लागलं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराच्या मागे लागून अप्पांनी टँकर वाडीला काढायला लावला आणि आम्ही तिघंही मागोमाग गेलो. घागरी लागल्या. रांगेतून एक म्हातारी पुढं आली, गंगाबाई. तिनं तोंड उघडलं आणि इर्शादनं माझा दंड धरला. तोच आवाज होता.

ती ड्रायव्हरवर चिडलेली होती. "काल दुपारी ह्याच्या टँकरला आडवी झालते मी. म्हनलं, घरात बाळंतीन हाय. गावात पानी न्यायलास, अन् वाडीचं काय? तर म्हनतो, जिल्हा झाल्यावर बघू. तवर बाळंतिनीनं काय प्यावं?"

"आईची आन, मी न्हाई बोललो," ड्रायव्हर म्हणाला. "मान खाली घालून गाडी काढली. मला तोंडच न्हवतं बोलायला."

गंगाबाई जरा थांबली. "हाव, आवाज ह्याचा न्हवता. दुसऱ्या कुनाचा तरी."

अप्पांनी हळूच विचारलं, "मावशी, कसा होता आवाज?"

तिनं वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"असाच," ती म्हणाली.

अप्पांनी तिची घागर उचलून खांद्यावर घेतली आणि ते तिच्या घरापर्यंत गेले.

त्याच आठवड्यात आम्ही प्रत्येक वाडीला आपला वेगळा नंबर दिला. लातूरहून ती वाडी तासाभराच्या रस्त्यावर, आणि माळावर मोबाइलला रेंजसुद्धा येत नव्हती. इर्शादनं आणि मी किती तर्क लढवले... एकही टिकला नाही. अप्पांपुढे विषय काढला तर ते कूलरमध्ये पाणी आहे का बघायला उठतात.

उदगीर अजून जिल्हा झालेला नाही. उजळणी मात्र चालू आहे. एकच फरक पडलाय. निर्णय वाचून झाला की अप्पा लगेच पुढच्याकडे वळत नाहीत. आम्ही दोघं कीबोर्डवरून हात काढतो आणि तिघंही जरा वेळ गप्प बसतो, कुणी काही विचारतंय का ते ऐकत.