पिंपाजवळचं हलकं काम

आमच्या शेजारच्या लीलाला आमच्या रिहे गावात सगळी गरीब गाय म्हणतात. भांडण न्हाई, तंटा न्हाई. मला तर तिचा रागच येतो. अगं, एकदा तरी ओरड की!

अठ्ठ्याण्णव साली ती पहिलटकरीण होती. तिचे सासरे भिवाजीभावजी मायेचा माणूस, खोटं कशाला बोलू? म्हणाले, "पोटुशी पोर चिखलात भात लावायला वाकणार न्हाई. तिला बसून करायचं काम द्या." आमच्याकडं ती रीतच हाय. मग काय दिलं? तर वांग्यावर फवारायचं औषध पिंपात कालवायचं. सावलीत बसायचं, बाटली ओतायची, दांडकं सापडलं न्हाई तर हातानंच ढवळायचं, नि गडी आले की पंप भरून द्यायचा. आमी बाया चिखलात कंबर धरून म्हणायचो, नशीब काढलं पोरीनं. वासानं ती ओकायची. आमाला वाटायचं, डोहाळे हायेत.

वैष्णवी झाली गोरीगोमटी. पण मान धरायला उशीर, चालायला उशीर. चौथं लागलं तरी तोंडातनं "आई" निघंना. अंगारे झाले, उतारे झाले. मग लीला तिला पुण्याला डॉक्टरकडं घेऊन गेली, मी संगं होते. पिंपाचं ऐकून डॉक्टर म्हणाले, "अशा औषधांचा पोटातल्या बाळाच्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो. पण हिचं त्यामुळंच झालं, हे आता छातीठोकपणे सांगता येणार नाही."

झालं! धड व्हय न्हाई, धड न्हाई न्हाई. एसटीत लीला एवढंच म्हणाली, "काकी, मी तर सांगितलेलं काम केलं वो." मला रडू आवरंना. काय सांगणार होते मी तिला, कपाळ!

दोन हजार नऊला धाकट्या सुनेला दिवस गेले. भिवाजीभावजींनी तीच माया केली नि तिला पिंपाशी बसवलं. लीलानं धावत जाऊन तिच्या हातातलं दांडकं हिसकून घेतलं. सासऱ्यापुढं पहिल्यांदाच तोंड उघडलं, "मामंजी, हिला हितं बसवू नका."

"मग काय चिखलात वाकवू? डागदर म्हणला का, त्यानंच झालं म्हून?"

लीला स्वतःच पिंपाशी बसली. "मी ढवळते," म्हणाली.

धाकटी उठून घरी गेली. लीला कळशी घेऊन ओढ्यावर गेली. येऊन बघते तर दहा वर्षांची वैष्णवी, जिला अजून स्वतःच्या हातानं धड जेवता येत न्हाई, पिंपात कोपरापर्यंत हात घालून ढवळतीय नि खुदुखुदू हसतीय.

भिवाजीभावजींचे डोळे भरून आले. "बघा, पोरीला एक काम जमलं की!"

मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. लीला नुसती पोरीच्या हातावर पाणी ओतत राहिली.

दुसऱ्या दिवशी वैष्णवी आपली आपणच बांधावरच्या पिंपाकडं निघाली. आमी दोघींनी तिला मागं ओढलं, तशी ती जोरात ओरडली, "माजं काम!"

दोन शब्द जोडून ती पहिल्यांदाच बोलली होती.