माझ्या हातची आग

तीन दिवस मला प्रार्थना करता आली नाही. डोळे मिटले की मल्हारी दिसायचा.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. अणदूरजवळच्या आमच्या वस्तीत ख्रिस्ती घरं अवघी सात. गवतानं शाकारलेलं प्रार्थनाघर आम्हीच राबून उभं केलं होतं. नाताळाच्या आधी, भर दुपारी ते जळालं. आग विझवताना माझ्या पतींचे दोन्ही पाय भाजले. शेजारच्या मल्हारीनं पायवाटेच्या भांडणात "पेटवून देईन" अशी धमकी दिली होती, म्हणून शिपायांनी त्यालाच धरून नेलं. पण त्या सकाळी म्हाताऱ्या बायकांना शेकायला पेटवलेल्या शेगडीची राख मी प्रार्थनाघराच्या कुडालगत ओतली होती, विझली की नाही हे न बघता.

पती उपासना चालवत. त्यांच्याच बायकोनं देवाचं घर जाळलं, हे लोक कसं सोसतील? शिवाय मल्हारीनं आम्हांला कमी छळलं नव्हतं. चौथ्या दिवशी मात्र राहवेना. पतींना सगळं सांगितलं. त्यांनी पट्ट्या बांधलेले पाय जमिनीवर टेकवून पाहिले. मग म्हणाले, "मला चालवत न्हाय. तुलाच ठाण्यावर जावं लागंल."

अर्ध्या वाटेत माझा धीर सुटला. रस्त्याकडेला बसून रडू लागले. बांगड्या विकणारी एक मुसलमान म्हातारी बैलगाडीतून चालली होती. गाडी थांबवून तिनं विचारलं, "का रडतीस, बेटी?" मी सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मंग बसून कसं व्हईल? चल, मी बी येते."

ठाण्यावरचा कारभार उर्दूत. मुन्शींनी जबानी लिहिली. मला त्यातलं अक्षरही कळेना. सही करायला वाकले, तोच म्हातारी म्हणाली, "आधी वाचून दावा, मुन्शीजी." त्यांनी वाचलेलं ऐकून तिनं मला सांगितलं, माझी बोली त्यांना उमगली नव्हती; 'आग कशी लागली ठाऊक नाही' असं उतरलं होतं. म्हातारीनं त्यांना उर्दूत ठणकावलं, मग मला म्हणाली, "तुझ्या हातानं लागली, तसंच लिवाया लावलंय." नवा कागद झाला. मल्हारी सुटला, मला समज देऊन सोडलं. बाहेर येऊन बघते तर बैलगाडी निघून गेलेली. नावसुद्धा विचारायचं राहिलं.

रविवारी उघड्यावर उपासना झाली. मी सगळ्यांसमोर माफी मागितली. मग सर्वांत थोरल्या शांताबाई उठल्या, माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. "शेगडी आमीच मागितली व्हती," त्या म्हणाल्या. "एकलीचा दोष न्हाय." एकेक करून सातही घरांतली माणसं उठली. तेवढ्यात मागून मल्हारीचा आवाज आला, "शाकारायला माणसं लागतील न्हवं?"

माझ्या माणसांचा त्या दिवशी वाटलेला अभिमान अजून ओसरलेला नाही. त्या म्हातारीला प्रभूनंच धाडलं का, हे मी कोणाला पटवत बसत नाही. मी फक्त खरं सांगायला निघाले होते. ते पोचवणारी भाषा माझ्यापाशी नव्हती, ती त्यानं दिली.