मागच्या वहिनी

सायकल क्लबात त्यांना सगळे समोर 'वहिनी' म्हणत आणि पाठीमागे 'मागच्या वहिनी'. कारण रस्ता कुठलाही असो, वहिनींची सायकल सगळ्यांच्या शेवटी. त्यांच्या मागे कुणी राहायचं नाही, हा नियम. एखादा गडी दम खायला थांबला की वहिनीही एक पाय रस्त्यावर टेकून थांबायच्या, तोंडातून चकार शब्द न काढता. त्या गप्प उभं राहण्याचीच त्याला इतकी लाज वाटायची, की बिचारा निमूट पुन्हा पेडल मारू लागायचा.

एरवी वहिनी इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीवर होत्या. दिवसभर उभ्याने ओलसर चादरी झटकायच्या, गरम रोलरमध्ये सरकवायच्या, पलीकडच्या बाईबरोबर टोकाला टोक जुळवून घड्या घालायच्या. हात आपोआप चालत आणि तोंडं भलत्याच विषयावर. या उभ्या कामाने गुडघ्यांची पार वाट लावली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, सायकल विकून टाका. लेक म्हणाली, "आई, डोंगरात जायचंच असेल ना, तर या वर्षी सामानाच्या गाडीतून जा."

"म्हणजे सामानात आणखी एक बोचकं!" वहिनी म्हणाल्या आणि सायकलच्या चेनला तेल घालायला बसल्या.

दर वसंतात, बर्फ वितळून रस्ता मोकळा झाला की क्लब चार दिवस डोंगरात जायचा. शेवटच्या दिवशी मोठा घाट. तो घाट आणखी एकदाच, आणि सगळ्यांच्या मागून चढायचा, एवढंच वहिनींच्या मनात होतं. मग सायकल विका, नाहीतर भंगारात घाला.

हट्टाचं मूळ त्याच घाटात होतं. वहिनींचे यजमान पाणीपुरवठ्यात फिटर होते. हा क्लब त्यांनी आणि बेकरीवाल्यांनी मिळून काढलेला. दोघांचं असं गूळपीठ, की रविवारी बेकरीवाले गरम पाव घेऊन थेट स्वयंपाकघरात येत आणि वहिनी त्यांना, "भावजी, आधी पीठ झटका ते अंगावरचं," म्हणून दटावत. एका वसंतात, घाटाच्या मध्यावर, फिटर सायकलवरून उतरले आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच." बेकरीवाले पुढे झाले. वर सगळ्यांचा चहा झाला, हसणं-खिदळणं झालं. पंक्चर काढत बसला असेल, असं जो तो म्हणत होता. शेवटी खाली जाऊन पाहिलं, तर सायकल दगडी कठड्याला नीट टेकवलेली आणि शेजारी फिटर बसलेले, अंग गार पडलेलं. डॉक्टर म्हणाले, कुणी जवळ असतं तरी फारसा फरक पडला नसता. त्या 'फारसा'वर वहिनी कितीतरी रात्री जाग्या राहिल्या.

पुढच्या वसंतात नवऱ्याच्या सायकलची सीट खाली करून त्या क्लबात हजर. "आजपासून शेवटी मी. आणि 'तुम्ही व्हा पुढे' हे इथे कुणी बोलायचं नाही. बोललंच तर सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं." नाही म्हणायची कुणाची बिशाद होती! बेकरीवाले मान खाली घालून उभे होते. त्या दिवसापासून 'भावजी' हा शब्द वहिनींच्या तोंडून गेला तो गेलाच. जेवायला शेजारी बसले तरी मीठ मागायचं ते तिसऱ्याकरवी, "त्यांना म्हणावं, मीठ सरकवा." बेकरीवाले मात्र सरळ 'वहिनी' अशीच हाक मारत राहिले आणि उत्तराची वाट पाहायचं त्यांनी सोडून दिलं.

यंदा घाटाच्या दिवशी, पायथ्याच्या मुक्कामी, वहिनींनी न्हाणीघराची कडी लावून गुडघ्याला पट्टी आवळली. खाली जेवणघरात शेगडीभोवती सगळ्यांचे मोजे वाळत होते, त्यांचा ओला वास सुटला होता. जिन्यावरून आडव्या पावलांनी उतरणाऱ्या वहिनी बेकरीवाल्यांना दिसल्या. ते पुन्हा ब्रेड कापू लागले.

घाटात वहिनींच्या पुढे बालवाडीच्या बाई होत्या, क्लबात नव्याच. चढावरही त्यांची बडबड थांबत नव्हती. वरून बर्फ कसं दिसतं ते पाहायची त्यांना कोण घाई! मधल्या वळणावर वहिनींचा गुडघा अडकला तो अडकलाच. कशाबशा उतरून त्यांनी कठड्याला हात टेकला.

बाई वळून थांबल्या. "वहिनी, बरं वाटत नाही का?"

चढाने लाल झालेला, उत्साहाने फुललेला तो चेहरा वहिनींनी पाहिला. आपल्यापायी हिचा विरस कशाला, असं वाटलं आणि शब्द अगदी सहज निघून गेले. "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच."

बोलून झाल्यावर त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. तेही असंच म्हणाले असणार, हसत, दुसऱ्याचा दिवस खराब होऊ नये म्हणून. ऐकणाऱ्याला शंका तरी कशी यावी? इतक्या वर्षांचा राग त्यांना एकाएकी पेलवेना.

बाई क्षणभर गोंधळल्या. मग नियम आठवून त्यांनी वर पाहून हाक दिली, "थांबा! वहिनी 'व्हा पुढे' म्हणाल्या!" हाक एका वळणावरून दुसऱ्या वळणावर गेली, तिथून आणखी वर.

"अहो, काय हा बोभाटा! काही झालेलं नाही मला," वहिनी करवादल्या. पण कुणी ऐकलं नाही. मर मर करून चढलेला चढ कुठलाच सायकलवाला खुशीने सोडत नाही. ते सगळे सोडून खाली येऊ लागले. बेकरीवाले सर्वांत पुढे, पार वर पोचलेले. पण सगळ्यांना मागे टाकून तेच आधी खाली आले. सायकल तशीच आडवी टाकून समोर येऊन उभे राहिले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"वहिनी, त्याचं ऐकलं होतं मी. तुमचं नाही ऐकणार."

वहिनींच्या डोळ्यांना पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. शेवटच्या माणसाची शिट्टी इतकी वर्षं त्यांच्या गळ्यात असायची. ती काढून त्यांनी बेकरीवाल्यांच्या हातात दिली, मग सायकलच्या हँडलवर भार टाकून एक पाऊल चढावर टाकलं.

"भावजी, वरपर्यंत चालतच येते मी. तुम्ही माझ्या मागे राहा. आणि मी काहीही म्हटलं, तरी पुढे जाऊ नका."

बेकरीवाल्यांनी शिट्टी गळ्यात घातली, आडवी पडलेली सायकल उचलली आणि ते वहिनींच्या मागून चालू लागले.