वन्स मोअर द्यावाच लागतो

माझ्या गळ्यातली गाठ काढली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "बोलायला काही अडचण येणार नाही." त्यांचं खरं होतं. बोलायला मला अडचण अशी कधी आलीच नाही. आमच्या ह्यांचं म्हणणं, आली असती तर घरात जरा शांतता नांदली असती. अडचण आली ती गायला. वरच्या षड्जावर सहज जाऊन बसणारा गळा मध्यमापाशीच अडायला लागला, आणि तिथून पुढं नुसती हवा.

मी संगीत नाटकातली नटी. वडील लासूर स्टेशनला अडत्याकडे दिवाणजी होते. मुलीनं तोंडाला रंग लावून चार लोकांत गावं हे त्यांना पटत नव्हतं, पण नाटक लागलं की पहिल्या रांगेत तेच. शहरातल्या एका हौशी मंडळीत मी नायिका झाले आणि तिथले ऑर्गनवाले पुढं माझे नवरे झाले. गाणं आधी जुळलं, पत्रिका मागाहून. एकापाठोपाठ एक आम्ही कुठंकुठं प्रयोग केले. एकदा अजिंठ्याला शाळेच्या पटांगणात गायले, तेव्हा पुढं बसलेल्या बायका नाटक संपलं तरी उठेनात.

मग मंडळी पांगली. आमचा नायक मुलाकडे पुण्याला गेला, तबलजी वारले, आणि तीन तास बसून पदं ऐकणारा प्रेक्षक कुठं गेला ते देवालाच ठाऊक. त्याचं दुःख मी पचवलं होतं. नाटक नाही तर नाही, गळा तर आपला आहे, असं म्हणत होते. त्यानंतर ही गाठ निघाली.

पूर्वी माझी पट्टी, म्हणजे गायचा मूळ सूर, काळी पाच. गायक मंडळी भेटली की एकमेकांना पट्टी विचारतात, तेव्हा मी जरा मान वर करूनच सांगायची. ऑपरेशननंतर पट्टी उतरत उतरत काळी दोनवर आली, म्हणजे थेट पुरुषांच्या शेजारी. हे म्हणाले, "चला, आता आपण एका पट्टीत आलो." मला हसू आलं नाही. त्यांनाही आलं नाही, त्यांनी नुसतं म्हणून पाहिलं.

मागच्या हिवाळ्यात क्रांती चौकाजवळच्या मैदानावर जुन्या नाट्यपदांचा कार्यक्रम ठरला. संयोजक घरी आले. शालू, दागिने, गजरा, सगळा जुना थाट करून मी एक पद म्हणायचं. मी गळ्याचं सांगितलं तर म्हणाले, "ते माहितेय, बाई. तुम्हाला गायचं नाहीये. तुमच्या ऐन भरातली कॅसेट आम्ही मिळवली, साफ करून घेतली. तुम्ही फक्त उभं राहून ओठ हलवायचे." ह्यांनीही ऑर्गनवर नुसती बोटं फिरवायची होती.

कॅसेट ऐकवली. साफ करताना त्यातल्या टाळ्या, खोकले, कुणाचं तरी रडणारं पोर, सगळं पुसून टाकलं होतं. माणसं काढून गाणं ठेवलं होतं. पण काय आवाज होता माझा! मला त्या बाईचा हेवा वाटला आणि मी हो म्हणून बसले.

ते गेल्यावर मात्र चैन पडेना. मला एकदा लोकांसमोर आत्ताच्या गळ्यानं गायचं होतं. चांगलं जमेल असा भ्रम नव्हता. गायचं होतं, बस. आणि त्याला एक जागा होती. आमच्यात पद रंगलं की प्रेक्षकांतून वन्स मोअर येतो आणि तो द्यावाच लागतो, मग नाटकात नायिकेच्या दारात यम उभा का असेना. पण दुसऱ्यांदा तेच तसंच म्हणायचं नसतं. गाण्यातल्या जागा बदलायच्या, तान वेगळी घ्यायची. हुबेहूब पहिल्यासारखं म्हटलं तर जाणकार म्हणायचे, बाईंची पोतडी रिकामी झाली. टेप तर हुबेहूबच वाजणार. तेव्हा वन्स मोअर आलाच, तर टेप बंद ठेवायची आणि मी गायचं.

मी आणि हे रोज सकाळी बसायला लागलो. दोनच ओळी, काळी दोनमध्ये. जिथं आवाज फाटायचा ती जागा टाळून खालून वळण घेतलं. एके दिवशी हे भाता मारता मारता म्हणाले, "बरं लागतंय." आख्ख्या संसारात ह्यांनी माझ्या स्वयंपाकालाही बरं म्हटलेलं नाही. मला आशा वाटायला लागली, आणि ती वाटायला नको होती.

साउंडवाला पन्नाशीतला, लग्नकार्यात स्पीकर लावून मुरलेला माणूस. संयोजकांच्या नकळत त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, रिस्क हाय बघा. टेप लई भारी वाजती, त्याच्यामागं तुमचा आवाज टिकंल का?"

"टिकला नाही तर माझं नाक कापलं जाईल, तुमचं नाही."

"बरं. तुम्ही हात वर केला की माईक खोलतो."

कार्यक्रम संध्याकाळचा. मैदान भरलेलं होतं. शालूचं ओझं पूर्वीचंच, खांदे तेवढे बदललेले. टेप लागली आणि मी ओठ हलवले. आपल्याच आवाजाला ओठ जुळवणं अवघड नसतं, श्वास कुठं घेतलाय ते आपल्यालाच ठाऊक असतं. पद संपलं. टाळ्या झाल्या, आणि मागून कुणीतरी खरंच ओरडलं, "वन्स मोअर!" मग चहूकडून.

मी हात वर केला. ह्यांनी सूर धरला. मी पहिली ओळ म्हटली.

आवाज बारीक लागला, थोडा घोगरा, पण सुरात होता. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. दुसऱ्या ओळीला वळण घेत होते तेवढ्यात पुढून आवाज आला, "ऐकू येईना." दुसरा म्हणाला, "माईक गेला वाटतं." कुणी कानाला हात लावून खुणा करायला लागलं. "ओ साउंडवाले, आवाज द्या की." कुणी हसत नव्हतं, कुणी चिडलंही नव्हतं. ते गाणं माझं आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना तो बिघाड वाटला.

संयोजक साउंडच्या टेबलाकडे धावले. साउंडवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनं नको म्हटलं. त्यानं लोकांकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं, आणि टेप सुरू केली.

काळी पाच आणि काळी दोन एकमेकांवर आदळल्या. ह्यांनी चटका बसावा तसे हात उचलले. मी मधेच तुटले. टेपमधली ती बाई तेच पद, तीच तान, त्याच जागी श्वास घेऊन म्हणत होती, आणि माझे ओठ तिच्यामागं आपोआप हलायला लागले. ते थांबवायची ताकद माझ्यात नव्हती. टाळ्या पहिल्यापेक्षा जास्त पडल्या. जागा बदलल्या नाहीत म्हणून पोतडी रिकामी म्हणणारा एकही माणूस त्या मैदानात उरला नव्हता.

उतरताना साउंडवाला पायरीशी उभा होता. "माफ करा बाई. लोकांनी तुम्हाला नावं ठेवली असती, मला बघवलं नसतं." मला त्याचा राग आला, आणि तो चांगला माणूस आहे याचा जास्त राग आला.

माझ्याच वयाची एक बाई गर्दीतून वाट काढत आली. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. "किती वर्सांनी ऐकलं तुम्हाला. आवाज अजून तसाच हाय बघा. मधी तेवढा माईक बिघडला, लई वाईट वाटलं."

हे मागं ऑर्गनचं झाकण लावत होते. त्यांना ऐकू जात होतं.

मी म्हटलं, "हो ना. माईकच बिघडला होता."