आईच्या नावापुढची लाल खूण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. काल नवा राउटर बसवताना जुन्याला जोडलेल्या फोन-टॅबच्या नावांची यादी उघडली, तर बायको म्हणाली, "अहो, आईंच्या टॅबपुढे ही लाल खूण कसली?"

"काही नाही, जुनं आहे ते."

ती खूण मीच केली होती. आईला ऐकू कमी यायचं, म्हणून ती टॅबवर व्हिडिओ कॉल लावून मावशीचे ओठ बघत तासन्‌तास बोलायची आणि नेट कमी पडून माझी ऑफिसची ऑनलाइन मीटिंग अडकायची. मी तिचा टॅब वायफायवरून बंद केला, त्याचीच ती लाल खूण. पदराने काच पुसत ती विचारायची, "बिघडलाय का रे?" मी हातानेच सांगायचो, नेट नाही. दोन महिन्यांनी ती गेली.

वायफाय डोळ्यांना दिसत नाही. ते अडवणारा हातही दिसत नाही. राउटरचे दिवे मात्र हिरवेच राहतात.

दहाव्याला मावशी म्हणाली, "ताई रुसली रे माझ्यावर. काय चुकलं, तेही बोलली नाही." मी तिच्यापुढे चहा ठेवला.

नव्या यादीत आई नाही. ताई रुसली नव्हती, टॅब मी बंद केला होता, एवढं मावशीला सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.